‘एर वाइस’ला टी का नाही?

पुण्यातल्या आमच्या जर्मनच्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, बॅचला नोकरीसाठी निघालेले इंजिनिअर असतात, नर्सिंग झालेल्या मुली असतात, आणि मुलाबाळांकडे जाणारी ज्येष्ठ मंडळीही. त्यातल्याच एक काकू. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या.

त्या दिवशी ‘विसन’ म्हणजे ‘ठाऊक असणे’ची रूपं फळ्यावर लिहीत होते. एर माख्ट (तो करतो), एर लेर्न्ट (तो शिकतो), पण एर वाइस (त्याला ठाऊक आहे). “मॅडम, इथे टी का नाही?” मागून आलंच. एरवी ‘अपवाद आहे, पाठ करा’ म्हणून पुढे सरकतात. मला ते पटत नाही. हा दिसतो वर्तमानकाळ, पण घडण भूतकाळाची. ‘मी पाहिलंय’, म्हणून ‘मला ठाऊक आहे’. एर काम, म्हणजे ‘तो आला’, यालाही टी नसतोच.

मग इंग्रजी, जर्मन वगैरे भाषा जिच्यातून निघाल्या त्या मूळ जर्मानिकमधलं ‘वितानं’ (ठाऊक असणे) सांगितलं. हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. इंग्रजी विट, विटनेस, जर्मन विसन अशा वंशजांवरून मागे जात अभ्यासकांनी ते बांधलंय. सगळ्यात जुना भक्कम पुरावा गॉथिक या त्याच घराण्यातल्या जुन्या भाषेचा, चौथ्या शतकात वुल्फिलाने केलेल्या बायबलच्या भाषांतरातला. ‘मी, तू, तो, आम्ही’ या क्रमाने फळ्यावर लिहिलं: वाइत, वाइस्त, वाइत, अनेकवचनी वितुम.

काकू बसल्या जागेवरून सुरू झाल्या, “वेद विदतुः विदुः, वेत्थ विदथुः विद, वेद विद्व विद्म! अहो मॅडम, लट्-च्या अर्थी लिट्-चे प्रत्यय! पाणिनीचं सूत्रच आहे, विदो लटो वा.” विद् म्हणजे जाणणे; लट् हा वर्तमानकाळ, लिट् हा भूतकाळ.

खडू त्यांच्याच हाती दिला. त्यांचा तक्ता ‘तो’पासून सुरू होणारा, माझा ‘मी’पासून, त्यामुळे जुळवताना त्यांचा उलटा करावा लागला. वेद–वाइत. वेत्थ–वाइस्त. विद्म–वितुम. द-चा त कसा झाला, ते परीकथावाल्या याकोब ग्रिमने 1822 साली नियमात बसवून दाखवलं. पुढे जर्मनमध्ये त्या त-चा स झाला, एवढंच मी जोडलं.

“मग ‘दू वाइस्ट’ला, म्हणजे ‘तुला ठाऊक आहे’ला, टी कुठून आला?” एका इंजिनिअरची शंका.

“वेत्थमधला थ,” काकू म्हणाल्या, माझ्या आधी. बरोबरच होतं. इतर क्रियापदांत ‘दू’ला एसटी लागतो, इथे स आधीच असल्यामुळे हा टी वेगळ्या घराण्यातला आहे हे सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही.