मामाचा स्पेक्ट्रम आणि पंचावन्न एलियन

सदाशिव पेठेतल्या मामाच्या घराचं रिनोव्हेशन निघालं आणि माळ्यावरून काय काय खाली आलं विचारू नका, त्यात थर्माकोलच्या खोक्यात झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, रबराच्या बटणांवाला! मामा म्हणाला, घेऊन जा, नाहीतर भंगारात देतो.

ॲडॉप्टर गायब होता. तपकीर गल्लीत गेलो, दुकानदार म्हणाला ९ व्होल्ट ना, सगळे सेमच असतात साहेब. सेम नसतात. स्पेक्ट्रमला आतली पिन निगेटिव्ह लागते, याची पॉझिटिव्ह होती, मल्टीमीटर लावून बघितलं म्हणून वाचलो, मग वायर कापून उलट्या जोडल्या. कीबोर्डच्या आतली प्लास्टिकची पट्टी हात लावताच तुटली, ती ऑनलाइन मागवली. बाकी मशीन ठणठणीत.

आता यावर काय चालवायचं, तर म्हटलं स्वतःच स्पेस इनव्हेडर्स लिहू. वरून रांगेने सरकत येणाऱ्या पंचावन्न एलियनना खालच्या तोफेने उडवायचं, टाइटो या जपानी कंपनीचा १९७८चा गेम, निशिकाडोने केलेला, त्यात ८०८० प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचा, माझ्याकडे झेड८० साडेतीन मेगाहर्ट्झचा, म्हणजे डाव्या हाताचा मळ! असं वाटलं होतं.

पहिला एलियन काढला तो चिरलेल्या भेंडीसारखा पडद्यावर विखुरला. कारण स्पेक्ट्रमची स्क्रीन मेमरी १६३८४ला सुरू होते पण खालची ओळ ३२ बाइट पुढे नसते, २५६ बाइट पुढे असते, आठ ओळी झाल्या की मागे येऊन मग ३२ पुढे, आणि ६४ ओळी संपल्या की पुन्हा नवीन तुकडा. दोन रात्री गेल्या यात. त्यात मूळ मशीनमध्ये चित्र आडवं सरकवायला वेगळी चिपच होती, इथे ती नाही, म्हणून प्रत्येक एलियनच्या दोन-दोन पिक्सेल सरकवलेल्या चार कॉप्या आधीच करून ठेवल्या.

रंगांचं मात्र फुकटात जमलं. स्पेक्ट्रममध्ये ८ बाय ८च्या चौकोनात दोनच रंग, सगळे त्याला शिव्या घालतात, पण मूळ गेमचा पडदाही ब्लॅक अँड व्हाइटच, त्यावर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या. खाली हिरवा पट्टा एकदा सेट केला, विषय संपला.

स्पेक्ट्रममध्ये प्रोग्राम कॅसेटच्या आवाजातून लोड होतो, म्हणून प्रत्येक वेळी लॅपटॉपवर कोड असेंबल करून त्याची ऑडिओ फाइल करायची आणि फोन फुल्ल व्हॉल्यूमवर ठेवून इअर सॉकेटमधून लोड करायची. एकदा वायर निघाली तर फोन मोठ्याने किंचाळायला लागला, आई किचनमधून, "अरे काय पेटलं का?"

खरी गंमत पुढे. मी शहाणपणा करून पंचावन्नच्या पंचावन्न एलियन एकदम हलवत होतो. एका फ्रेममध्ये, म्हणजे पडदा एकदा रंगवून होईपर्यंतच्या वेळात, ते बसतच नव्हतं, पडदा लुकलुकायचा, आणि शेवटी पाच उरले तरी त्याच चालीने, लग्नाच्या पंगतीत आल्यासारखे निवांत. मग वेग वाढवायचं टेबल बनवलं, तेही कृत्रिम वाटायचं. नंतर मूळ कोडबद्दल वाचलं तेव्हा कळलं की तिथे एका फ्रेमला एकच एलियन हलतो! पंचावन्न असले की पूर्ण फौजेला एक पाऊल टाकायला पंचावन्न फ्रेम, दहा उरले की दहाच. वेग वाढवायला माझ्यासारखं वेगळं टेबल नाहीच.

टेबल उडवलं, बरंचसं कोड उडालं, आणि लुकलुकणंही थांबलं. आपला स्पेक्ट्रम सेकंदाला ५० फ्रेमचा, मूळ मशीन ६०चं, त्यामुळे माझी फौज थोडी आळशी आहे. उंचीही २५६ ऐवजी १९२ ओळी, म्हणून तटबंदी जरा वर चिकटल्यासारखी दिसते. असो.

रविवारी मामाला बोलावलं. चष्मा कपाळावर सरकवून अर्धा तास खेळला, एकच एलियन राहिला आणि तो जो सुसाट सुटला, मामाची शेवटची तोफ गेली.

"शेवटच्याला मुद्दाम फास्ट केलंयस तू."

म्हटलं मामा, शप्पथ, मी काहीच केलं नाहीये. त्याला अजून पटलेलं नाही.