वाटीतला चिखल आणि गुरुजींच्या तीन बॅटऱ्या

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी चार ओळी लिहून दे म्हणून निरोप आला आणि आधी आठवली ती चौथीची कौलारू खोली. साल १९८८. एक कौल सरकलेलं, तिथनं दुपारी उन्हाची तिरीप यायची आणि तिच्यात खडूची धूळ नाचताना दिसायची. गुरुजींनी प्रकाशाचा धडा पुस्तकातनं सुरूच केला नाही, तिरिपीसमोर पाटी धरायला लावली. भोक बारीक आणि वेडंवाकडं, पण पाटीवरचा कवडसा गोल! का गोल, तर ते भोकाचं नाही, सूर्याचं चित्र. मग किरणोत्सव घेतला. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला मावळतीचं ऊन महाद्वारातनं गाभाऱ्यात शिरतं आणि अंबाबाईच्या पायांपासनं चढत चेहऱ्यापर्यंत जातं हे कोल्हापुरातल्या पोराला काय सांगायला लागत नाही, पण "मधी एक भिंत आली तर ऊन वळसा घालून जाईल काय रे?" असं आम्हाला तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

परातीत पाणी, त्यात तिरका आरसा, भिंतीवर तानापिहिनिपाजा. हे सगळ्यांनीच केलं असेल. पुढं गुरुजींनी पुठ्ठ्याच्या चकतीवर सात रंग भरून घेतले, दोन भोकांतनं दोरा ओवून ती गरागरा फिरवली, आणि रंग जाऊन चकती मळकट पांढरी दिसायला लागली. न्यूटनची चकती. मला ते काय पटलं नाही. घरी जाऊन वॉटरकलरचे सगळे रंग वाटीत कालवले तर झाला चिखल. दुसऱ्या दिवशी वाटी तशीच झाकून शाळेत नेली आणि विचारलं, "गुरुजी, पांढरा कुठाय ओ?"

गुरुजींनी वाटी खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "आरं, ह्ये मलाबी बघाय पायजे. दोन दिस थांब." चाळीस पोरांसमोर. नऊ वर्षांच्या पोराचा प्रश्न त्यांनी घरी नेला, ह्याचं मोल मला आज कळतंय.

तिसऱ्या दिवशी ते तीन बॅटऱ्या घेऊन आले, काचांवर गणपतीच्या डेकोरेशनचा जिलेटीन कागद रबरानं बांधलेला, एक लाल, एक हिरवा, एक निळा. खिडक्यांना घोंगडी लावली, कौलाच्या भोकात कापड कोंबलं. लाल उजेडावर हिरवा टाकला आणि भिंतीवर पिवळा आला! तिथं पिवळं काहीच नव्हतं. तिसरी बॅटरी टाकली तसा मधला ठिपका पांढरट झाला. म्हणाले, "बॅटरी उजेड देती, रंग उजेड खातो. लाल रंग बाकीचं खाऊन लाल तेवढं परत देतो. तुझ्या वाटीत सगळे खाणारेच बसलेत, मग परत काय येणार?"

गेली वीस वर्षं माझा छपाईचा धंदा आहे आणि रोजचं काम ह्याच वाक्यावर चालतं. सायन म्हणजे आकाशी निळी शाई लाल उजेड खाते, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी शाई हिरवा, पिवळी निळा. तिन्ही एकावर एक मारल्या तरी धड काळा येत नाही, चिखलाकडंच झुकतो, म्हणून काळी शाई वेगळी लागते. नवीन पोरगं कामाला आलं की मी त्याच्या हातात आधी भिंग देतो, कारण स्क्रीनवरचा रंग कागदावर तसाच का येत नाही हे कुणीतरी त्याला नीट सांगायला पायजे.

ह्या अंकाचं मुखपृष्ठ आमच्याकडंच छापलंय. शाळेच्या फोटोतल्या हिरव्या झाडावर भिंग धरून बघा, सायन आणि पिवळे ठिपके दिसतील.

आताच्या बाईंना आणि सरांना एक विनंती. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, १९२८ साली त्याच दिवशी सी. व्ही. रामन यांनी लावलेला शोधही उजेडाचाच, द्रवातनं विखुरताना थोड्या उजेडाचा रंग बदलतो हा. त्या दिवशी मला चौथीचा एक तास द्या. बॅटऱ्या, जिलेटीन, शाईचे डबे सगळं घेऊन येतो, खिडक्यांना लावायला काळं कापडपण आणतो. पोरांना फक्त सांगून ठेवा, घरनं येताना एकेक वाटी आणा.