वायपरच्या मोटारीवर होडीचं सुकाणू

मेहुण्याची शिडाची छोटी होडी मालवणला आणि तिच्या ऑटोपायलटचं, म्हणजे सुकाणू आपोआप धरणाऱ्या यंत्राचं, काम नागपुरात, माझ्या गच्चीवरच्या खोलीत. बर्डीच्या दुकानात बीटीएस7960 ड्रायव्हर (मोटारीला वीज देणारा एच-ब्रिज सर्किट बोर्ड) मागितला तेव्हा काउंटरवरच्या पोरानं विचारलंच, "भाऊ, अंबाझरी तलावात जहाज सोडता का काय?"

दिशा धरून ठेवायचं काम रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरचं (पुढे नुसतं ‘पाय’) पायपायलट करतं. हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवायला फार डोकं लागलं नाही. कस लागला तो मोटार कंट्रोलरला. पायचा आदेश अर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड घेतो आणि ड्रायव्हरच्या एच-ब्रिजमधून मोटार डावीउजवीकडे फिरवतो.

मोटार भंगारातली, गाडीच्या वायपरची. जोडण्याआधी मल्टिमीटर लावून पाहिला, तर एक ब्रश थेट तिच्या बॉडीला जोडलेला. गाडीत ते चालतं, कारण तिथे बॉडी म्हणजे निगेटिव्हच. पण एच-ब्रिज दिशा बदलताना प्लस-मायनसच उलटे करतो. म्हणजे एका दिशेला फिरताना मोटारीच्या अख्ख्या अंगावर 12 व्होल्ट, आणि ते बॅटरीच्या निगेटिव्हला कुठे टेकलं की शॉर्ट. म्हणून मोटार नायलॉनच्या ठोकळ्यावर बसवली, बोल्टनाही प्लास्टिकचे बुश घातले. बॅटरीच्या प्लसला फ्यूज तर हवाच.

नॅनो स्वस्तातला. प्रोग्राम चढेना, ‘नॉट इन सिंक’ म्हणून अडून बसला. अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडलं आणि निमूट चढला.

मला जास्त काळजी होती ती मोटार वेळेवर थांबेल ना, याची. पायने सीरियल पोर्ट उघडला की यूएसबीवरचा नॅनो रीसेट होतो आणि तेवढा वेळ त्याच्या पिना अधांतरी असतात. ड्रायव्हरने त्यातून भलताच अर्थ काढू नये म्हणून त्याच्या दोन्ही इनेबल (चालू-बंदच्या) पिनांवर 10 किलोओहमचा रोधक ग्राउंडला लावला. नॅनो गप्प, तर ड्रायव्हरही बंद. मग मोटार फिरत असताना मुद्दाम यूएसबीची तार उपटली. थांबली. पायवरचा पायपायलट मध्येच बंद केला. तेव्हाही थांबली. हे दोन प्रयोग केल्याशिवाय मोटार सुकाणूला जोडूच नये, या मताचा मी आहे.

कंपासचा सेन्सर मोटारीजवळ ठेवला तर तिच्यातल्या चुंबकांमुळे दिशाच चुकते. लांब तार देऊन तो दूर नेला.

राहिला मोटारीतला वर्म गिअर. मोटार बंद असली तरी बाहेरून ढकलून तिचा दांडा फिरत नाही. ऑटोपायलट बंद पडला तर सुकाणूही अडकणार! क्लच महाग, म्हणून मोटारीचा हात आणि सुकाणूचा दांडा यांच्यामध्ये उपसता येणारी स्टीलची पिन ठेवली, एका हाताने निघेल अशी.

मेहुण्याला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तो म्हणाला, "भावोजी, पिनेला दोरी बांधा, नाहीतर पहिल्याच दिवशी पाण्यात जाईल."