मर्ज करू का?

पुण्यात डेटाचं काम करते. जुन्या अमेरिकन पेपरांचे स्कॅन येतात, मशीनने चुकीचं वाचलेलं आम्ही दुरुस्त करायचं आणि माणसांची नावं टॅग करायची, बोअर आहे, खोटं कशाला बोलू. त्यात त्या आठवड्यात १८७०-८० च्या बेसबॉलचा गठ्ठा माझ्या गळ्यात पडला. मला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही आणि यांच्या स्कोअरकार्डात नुसती आडनावं आणि आकड्यांचे रकाने, पहिल्या नावाचा पत्ताच नाही.

तर एक फाउलर सारखा येत होता. १८७८ ला मॅसॅच्युसेट्समधलं लिन, १८८५ ला आयोवातलं कीओकक, मग टोपेका, मग बिंगहॅम्टन. एक माणूस इतकी गावं कशाला फिरेल, असं म्हणून मी चार वेगळे आयडी बनवले. संध्याकाळी क्यूसीवाल्यांनी, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्यांनी, फाईल परत मारली, शेरा: एकच माणूस, मर्ज करा, मूळ नाव जॉन डब्ल्यू. जॅक्सन.

आता नावच वेगळं म्हटल्यावर राहवेना, दोन तास तेच वाचत बसले (टार्गेट बोंबललं). हा बड फाउलर, न्हाव्याचा मुलगा, न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनमध्ये वाढलेला. वीस वर्षांचा असताना एप्रिल १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच चेल्सीच्या टीमकडून पिचिंग (म्हणजे त्यांची बॉलिंग) करून याने नॅशनल लीगच्या चॅम्पियन बोस्टनला २-१ ने हरवलं, आणि पुढच्याच महिन्यात लिनकडून खेळला, म्हणजे आज माहीत असलेला पहिला काळा प्रोफेशनल खेळाडू हाच. पुढे सेकंड बेसला, म्हणजे पळणाऱ्याने गाठायच्या दुसऱ्या टप्प्यावर, उभा राहायचा तर पळत येणारे मुद्दाम बुटाचे खिळे याच्या पायात खुपसायचे, म्हणून गडी नडगीला लाकडाच्या पट्ट्या बांधून खेळायचा असं तेव्हाच्याच एका खेळाडूने सांगून ठेवलंय. १८८७ ला बिंगहॅम्टनला ॲव्हरेज .३५०, शेजारच्या डेस्कवरचा दादा म्हणे हे लय भारी असतं, तरी स्वतःच्याच टीममधली पोरं म्हणाली याच्यासोबत खेळणार नाही, आणि काढलं कोणाला तर यालाच. त्याच जुलैत बिंगहॅम्टन ज्यात खेळायची त्या इंटरनॅशनल लीगने ठरवूनच टाकलं, नवीन काळे खेळाडू घ्यायचे नाहीत. गावं का बदलत होता ते तेव्हा डोक्यात शिरलं. दादा म्हणाला, आपल्याकडे तेव्हाच्या दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूला मैदानात बॉलिंग द्यायचे आणि चहा बाहेर, वेगळ्या मडक्यात.

१८९५ ला मात्र याने मिशिगनमध्ये पेज फेन्स जायंट्स उभी केली, कुंपणाच्या तारा बनवणाऱ्या कंपनीची, सगळे खेळाडू काळे, स्वतःचा रेल्वेचा डबा, आणि मॅचआधी गावातून सायकलींवर मिरवणूक! हे वाचून मी एकटीच हसत होते.

१९१३ ला गेला, थडग्यावर दगड बसला १९८७ ला, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (मोठ्या खेळाडूंच्या सन्मानाचं संग्रहालय) नाव आलं २०२२ ला, आणि ते हॉल ऑफ फेम आहे कूपर्सटाउनमध्येच.

मर्ज करताना सिस्टीम 'मुख्य नाव' मागते. लीड मॅडम म्हणाल्या मूळ नाव टाक, मी म्हटलं मॅडम, त्याने हयातभर स्कोअरकार्डात जे नाव लावलं तेच राहू दे. बराच वेळ घासाघीस झाली, शेवटी 'फाउलर' टाकलं.

पुढच्या पानावर सहा स्मिथ होते.