लंडनात चिडीचूप, बोखुममध्ये घसा बसला: तिकिटाचे पैसे, आवाज आणि आमची दहा दिवसांची फुटबॉलवारी

मी कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉलचा नाद कुठून लागला हे सांगत बसत नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून पाटाकडील (पीटीएम) आणि खंडोबा या तालमींच्या टीमच्या मॅच बघत मोठा झालोय, खिशातल्या सुट्ट्या पैशांत तिकीट यायचं आणि निम्मी पेठ आपल्या शेजारी असायची. त्यामुळे आवाज हा तिकिटात फुकटच मिळतो असं माझं पक्कं डोक्यात बसलेलं. ऑक्टोबरात दहा दिवस काढून लंडन आणि मग जर्मनी असं केलं तेव्हा ते डोक्यातून निघालं.

आधी लंडन. क्लबचं नाव घेत नाही, कारण आमच्या ग्रुपवर निम्मे त्यांचेच फॅन आहेत आणि मला कोल्हापुरात परत जायचंय. पद्धत अशी की आधी वर्षाची मेंबरशिप घ्यायची, त्याचे वेगळे पैसे, मग लॉटरीत नाव टाकायचं, लॉटरी लागत नाही, मग क्लबच्याच एक्सचेंजवर (न येणारे लोक आपली तिकिटं जिथे परत विकतात) रात्री जागून पेज रिफ्रेश करत बसायचं. चौथ्या रात्री एक सीट मिळाली, ७२ पाउंड. पाउंड तेव्हा ११८ रुपयांच्या आसपास, म्हणजे साडेआठ हजार रुपये, मेंबरशिप सोडून. बायकोला आकडा घरी परत आल्यावर सांगितला.

सीट झकास, कॉर्नरच्या जरा वर, मैदान तळहातावर असल्यासारखं. पण आवाज? माझ्या एका बाजूला अमेरिकन बाप-लेक, दुसऱ्या बाजूला कोरियाहून आलेली चार पोरं, पुढे एक जोडपं ज्यांनी अर्धा एका टीमचा अर्धा दुसऱ्या टीमचा असा स्कार्फ घेतलेला (हा प्रकार आपल्याकडे घालून पेठेत फिरून दाखवा), आणि सगळ्यांचे मोबाईल वर. विसाव्या मिनिटाला आमचा विंगर एकटाच बॉल घेऊन सुटला तर मी सवयीने उभा राहिलो, लगेच स्टुअर्ड, म्हणजे स्टँडमध्ये प्रेक्षकांवर लक्ष ठेवणारा माणूस, आला, अगदी गोड बोलून, सर प्लीज बसा, मागच्यांना दिसत नाही. मागच्यांना म्हणजे तिघांना, त्यातला एक व्हिडिओ कॉलवर होता.

आणि तेवढ्यात लांबच्या कोपऱ्यातून ढगफुटी झाल्यासारखा आवाज यायला लागला. पाहुण्या टीमचे लोक, असतील तीनेक हजार, पहिल्या मिनिटापासून उभेच, स्टुअर्डही त्यांच्या नादाला लागत नव्हते. उरलेले पन्नास हजार लोक त्यांचं गाणं ऐकत बसलेले. हाफटाइमला शेजारच्या अमेरिकन काकांनी सांगितलं की त्या कोपऱ्यातलं तिकीट जास्तीत जास्त ३० पाउंड. नंतर खात्री केली, खरंय, प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, २०१६-१७ पासून पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटाला ३० पाउंडाची मर्यादा आहे. म्हणजे त्या अख्ख्या स्टेडियममध्ये जिथे किंमत बांधून दिलीय तोच कोपरा सगळ्यात जास्त ओरडत होता. आता कोण म्हणेल की लांबून बस करून येणारे मुळातच कट्टर असतात, तर बरोबर आहे, पण तेच कट्टर लोक घरच्या मैदानावर कुठे जातात हा प्रश्न राहतोच की.

ह्याच्यामागे जुनी गोष्ट आहे ती थोडक्यात सांगतो. १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलची माणसं गेली, आज तो आकडा ९७ आहे. त्यानंतर लॉर्ड टेलर यांचा चौकशीचा रिपोर्ट आला आणि वरच्या लीगची सगळी मैदानं फक्त खुर्च्यांची करायची ठरली. सुरक्षेसाठी योग्यच. पण त्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं की खुर्च्या आल्या म्हणून भाव उभ्या प्रेक्षकाच्या खिशाबाहेर जायला नको, आणि उदाहरण दिलेलं ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं, उभं राहायला ४ पाउंड, बसायला ६. खुर्च्या घेतल्या, सहा पाउंड तेवढे विसरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पाउंडाचं तिकीट काढायचं ठरवलं तेव्हा सुमारे दहा हजार लोक बरोबर ७७व्या मिनिटाला मैदान सोडून निघून गेले, टीम २-० पुढे होती, मॅच २-२ झाली. काही दिवसांत मालकांनी निर्णय मागे घेतला. उभं राहून बघायची परवानगी इंग्लंडमध्ये २०२२ पासून काही मैदानांवर परत आलीय, रेलिंग लावलेल्या जागी, त्यामुळे तिकीट काढताना तसा स्टँड आहे का ते आधी बघा, मी बघितलं नव्हतं.

तिथून डुसेलडॉर्फ, माझ्या आत्येभावाकडे. तो आठ वर्षं तिथे आहे आणि मॅचला जाणं म्हणजे त्याच्यासाठी रविवारी मटण आणायला जाण्याइतकं साधं. त्याच्या गावच्या क्लबने, फोर्टुनाने, २०२३-२४ च्या सीझनमध्ये तीन लीग मॅच चक्क फुकट ठेवल्या, पैसे स्पॉन्सरचे. पहिलीच कायझरस्लाउटर्नशी, ०-३ मागे पडून ४-३ जिंकले. भाऊ म्हणतो, "दादा, अर्जच लाखाच्या वर आलेले, माझा नंबर कुठला लागतोय!" म्हणजे फुकट असलं तरी रांग आहेच.

मग डॉर्टमुंड. साउथ स्टँडला उभे राहणारे जवळजवळ पंचवीस हजार लोक, सगळे क्लबच्या पिवळ्या रंगात, तीच ती पिवळी भिंत. उभ्याचा सीझन पास तीनशे युरोच्या आत, सतरा मॅच, हिशोब तुम्हीच करा. हे आपोआप झालेलं नाही. जर्मनीत ५०+१ नावाचा नियम आहे, थोडेफार अपवाद सोडले तर क्लबमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडेच राहतं, आणि सभासद गप्प बसत नाहीत. २०१० मध्ये डॉर्टमुंडच्या लोकांनी 'त्स्वान्नी नको' म्हणून मोहीम काढली, त्स्वान्नी म्हणजे वीसची नोट, उभं राहायला वीस युरो देणार नाही. २०१६ मध्ये स्टुटगार्टला पाहुणे म्हणून गेले तेव्हा तिथल्या तिकिटांच्या भावावर चिडून पहिली वीस मिनिटं आपला स्टँड रिकामा ठेवला आणि नंतर मैदानात टेनिसचे बॉल फेकले.

पण भावांनो, गोम ही की स्वस्त आहे म्हणून आपल्याला मिळतं असं नाही. ८१ हजारांच्या स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांच्या आसपास सीझन पासच आहेत आणि साउथचा पास कोण सोडत नाही, बापाचा पोराकडे जातो. कुठल्यातरी रिसेल साइटवर साउथचं तिकीट दिसलं तर हात बांधून बसा. भावाच्या मित्राने १८० युरो घातले आणि गेटवर तिकीट रद्द झालेलं निघालं. आम्ही क्लबच्या अधिकृत रिसेलवरून नॉर्थ स्टँड घेतला, पन्नासच्या वर थोडे युरो. माझं ऐकाल तर मुद्दाम नॉर्थच घ्या, भिंतीत बसून भिंत दिसत नाही, समोरून दिसते. मॅचआधी सगळे स्कार्फ वर गेले तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

तिथे बसल्या बसल्याच लक्षात आलं की लंडनच्या त्या ७२ पाउंडाच्या सीटवर एरवी कोणतरी तिथलाच माणूस बसला असता, मित्रांबरोबर, आणि आता तिथे मी. एकटा, गाणी पाठ नाहीत, आयुष्यात एकदा. मॅच शांत होती म्हणून मी चार दिवस कुरकुरत होतो आणि त्या शांततेत एक खुर्ची माझीच होती.

म्हणून शेवटची मॅच बोखुम. डॉर्टमुंडहून ट्रेनने दहा-बारा मिनिटं, स्टेशनवरून ३०८ किंवा ३१८ ट्राम, नाहीतर चालत अर्ध्या तासाच्या आत. मे २०२५ मध्ये टीम दुसऱ्या लीगमध्ये घसरली, तरी स्टेडियम चांगलंच भरलेलं. उभ्याचं तिकीट वीस युरोच्या आत, क्लबच्या साइटवरून पाच मिनिटांत, मेंबरशिप नाही काही नाही. मी मोबाईल वर केला तर मागच्या आजोबांनी खांद्यावर हात ठेवून तो खाली करायला लावला, आणि पाच मिनिटांनी स्वतःची बिअर माझ्या हातात देऊन स्कार्फ नीट बांधून दिला. गोल झाला तेव्हा मी तीन पायऱ्या खाली होतो, कसा गेलो माहीत नाही. शाहू स्टेडियम आठवलं, फक्त हलगी नव्हती.

एक मात्र बोलतो, जर्मनीतलं सगळंच भारी नाही. पुढे भोंगा घेऊन एकजण मैदानाकडे पाठ करून उभा असतो आणि मॅचमध्ये काहीही चालू असो, गाणं चालूच. लंडनच्या लोकांनी ऐंशीव्या मिनिटाच्या एका टॅकलला जी दाद दिली ती मॅच बघणाऱ्याची दाद होती.

आता जाणाऱ्यांसाठी. विमानाचं तिकीट तारीख फिक्स झाल्याशिवाय काढू नका, टीव्हीसाठी मॅच इंग्लंडमध्ये शुक्रवार ते सोमवार आणि जर्मनीत शुक्रवार ते रविवार कुठेही सरकते, नेमकी वेळ फक्त काही आठवडे आधी कळते. इंटरनॅशनल ब्रेक बघा, देशांच्या मॅच असतात म्हणून त्या वीकेंडला लीग बंद असते. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं गुन्हा आहे, त्यामुळे बाहेर उभ्या माणसाकडून घेऊ नका. तिथे मैदान दिसेल अशा जागी बिअर चालत नाही, आत कॉनकोर्सवर, म्हणजे स्टँडमागच्या मोकळ्या जागेत, प्यायची. जर्मनीत स्टँडमध्ये चालते, ग्लासचं डिपॉझिट घेतात, ग्लास परत द्या, पैसे मिळतात. पिशवी ए-फोर कागदापेक्षा मोठी नको, सॅक हॉटेलवरच ठेवा. डॉर्टमुंडसारख्या ठिकाणी मॅचच्या तिकिटावरच त्या दिवसाची लोकल ट्रेन-ट्राम चालते, वेगळं तिकीट काढण्याआधी तिकिटावर काय छापलंय ते वाचा, मी एका बाजूचे पैसे घालवले. मॅच संपल्यावर लगेच स्टेशनकडे पळू नका, डॉर्टमुंडला गर्दीबरोबर चालत शहरात आलात तरी पाऊण तास. मेन स्टेशनसमोरच जर्मन फुटबॉल म्युझियम आहे, सकाळ तिथे घालवा.

आणि नोव्हेंबरनंतर जाणार असाल तर जाड मोजे दोन जोड. उभ्याच्या स्टँडला काँक्रीटमधून गारठा तळव्यातून चढतो, उड्या मारेपर्यंत कळत नाही आणि हाफटाइमला कळतो.