पुनर्विवाह न केल्याचा दाखला

कर्मचारी पेन्शन योजना 1995 मधून नवऱ्यामागे बायकोला जी पेन्शन मिळते, ती तिच्या मृत्यूपर्यंत किंवा तिने दुसरे लग्न करेपर्यंतच मिळते. त्यामुळे हयातीच्या दाखल्यासोबत आपण पुनर्विवाह केलेला नाही, हेही सांगावे लागते. माझे पती साखर कारखान्यात नोकरीला होते आणि ते गेल्यानंतर कित्येक वर्षे मी हे निमूटपणे लिहून देत आले. आपण जिवंत आहोत आणि आपण एकट्या आहोत, ही दोन्ही विधाने एकाच टेबलावर, एकाच अंगठ्याने करायची असतात, याचे मला तेव्हा काही विशेष वाटत नसे.

ज्या गृहस्थांशी मी पुढे लग्न केले, ते अशाच एका नोव्हेंबरात रांगेत माझ्या मागे उभे होते. माझा ठसा यंत्र घेईना. जन्मभर भांडी घासून बोटांच्या रेघा झिजलेल्या, आणि काउंटरवरचा मुलगा सारखा "काकू, जोरात दाबा" म्हणत होता. मागून ते म्हणाले, "जोर नका लावू. बोट जरा ओले करा, पुसा आणि नुसते टेकवा. माझाही तसाच उमटतो." ठसा उमटला. सूतगिरणीतून निवृत्त झालेले, पत्नी किडनीच्या आजाराने गेलेल्या, दोन मुलगे, एक सांगलीत आणि एक बाहेरगावी, एवढी माहिती रांग संपेपर्यंत मिळाली. पुढे संध्याकाळच्या फिरण्यात भेटी होऊ लागल्या.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या रस्त्याने, चिंचेच्या झाडांखालून, कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत आम्ही जात असू. त्या काळात आम्ही मुख्यतः आमच्या गेलेल्या माणसांविषयीच बोललो, हे कोणाला सांगितले तर विचित्र वाटेल. त्यांच्या पत्नीच्या डायलिसिसचे वार, त्या दिवशी तिला खावासा वाटणारा आणि पथ्यात न बसणारा भडंगाचा घास, माझ्या पतींची प्रत्येक पावती सुईदोऱ्याने ओवून ठेवण्याची सवय, हे सगळे दोघांनाही पाठ झाले. घरात हे बोलता येत नाही. आई रडेल या भीतीने मुलगी विषय बदलते आणि आपणही मग तिला त्रास नको म्हणून गप्प बसतो. ज्याने स्वतः असे माणूस गमावले आहे, त्याच्यासमोर आपल्या माणसाचे नाव घ्यायला संकोच वाटत नाही, आणि ते नाव घेतल्याने त्याला कमीपणाही येत नाही.

"या वयात आता कशाला?" हा प्रश्न मला अनेकींनी विचारला. त्यांना मी 2019 च्या महापुराची आठवण देते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फुटांची आहे आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेले होते. मी गावभागातल्या वरच्या मजल्यावर एकटी होते. डाळ-तांदूळ होते, मेणबत्त्या होत्या, मुलगी पुण्याहून तासातासाला फोन करत होती आणि बॅटरी जाईल म्हणून मीच तो लवकर ठेवत होते. मात्र बोट आली तेव्हा निघावे की थांबावे, हे विचारायला घरात कोणी नव्हते. चुकीचा का होईना, सल्ला देणारे माणूस शेजारी असावे, असे त्या वेळी जितके वाटले तितके त्याआधीच्या सणावारांनाही वाटले नव्हते.

लग्नाचे ठरवताना आम्ही सर्वांत आधी पैशाचे बोललो, आणि ते योग्यच होते असे माझे ठाम मत आहे. काही हितचिंतकांनी सुचवले की नोंदणी कशाला करता, तसेच एकत्र राहा, म्हणजे पेन्शन चालू राहील. या योजनेची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये आहे आणि माझी त्याहून थोडीच अधिक होती. रक्कम मोठी असती तर मोह झाला असता का, हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही. पण दरवर्षी खोटे लिहून देऊन मिळणाऱ्या पैशात नवा संसार करणे आम्हा दोघांनाही पटले नाही.

पेन्शन जाते, घर मात्र जात नाही, हे आमच्याकडे अनेक बायकांना माहीत नसते. 1856 च्या कायद्याने विधवेला लग्नाची मोकळीक दिली, पण त्याच कायद्याने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला होता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर तसे राहिलेले नाही. एकदा वारशाने मिळालेला हिस्सा दुसऱ्या लग्नामुळे हातचा जात नाही. मुलांची धास्तीही अगदीच निराधार नसते, कारण मृत्युपत्र नसेल तर याच कायद्याने दुसरी पत्नीही मुलांच्या बरोबरीने वाटेकरी होते. त्यांच्या धाकट्या मुलाने हे जरा कडवटपणे बोलून दाखवले. मोठ्या सुनेने मात्र थेट सांगितले, "बाबा, आम्हाला आई नको असे नाही, पण कागद स्पष्ट असू द्या." मला तिचा राग आला नाही. आम्ही दोघांनी मृत्युपत्रे केली. ज्याचे घर त्याच्या मुलांना, पण मागे राहणाऱ्याला तहहयात राहण्याचा हक्क, असे त्यात लिहिले. दोन्ही घरांत त्याच्या प्रती दिल्यावर माझ्याशी बोलताना सगळ्यांचाच आवाज थोडा मोकळा झाला, हे मी स्पष्ट अनुभवले.

आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली. त्यात 30 दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लागते, आणि सांगलीसारख्या गावात ती वाचायला ओळखीचे कोणीतरी निघतेच. त्यावरून त्यांना कट्ट्यावर एकाने "काय भुजंगनाथ!" अशी हाक मारली. देवलांच्या 'संगीत शारदा'तला हा म्हातारा नवरदेव हरिपूरच्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही, कारण देवल हरिपूरचेच. यांनी उत्तर दिले, "भुजंगनाथाला कोवळी पोर हवी होती. आमच्या नवरीचे गुडघे माझ्याआधी दुखतात." ही गोष्ट त्यांनी मला हसत सांगितली, तरी त्या संध्याकाळी ते कट्ट्यावर गेले नाहीत.

नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. माझी मुलगी, त्यांचा मोठा मुलगा आणि तिसरे माझे धाकटे दीर. भाऊजींना विचारायला मी फार कचरले होते. ते म्हणाले, "वहिनी, दादाच्या वेळी अंतरपाट मीच धरला होता," आणि इस्त्रीचा पांढरा सदरा घालून वेळेच्या आधी येऊन बसले.

शिरोळ तालुक्यातले हेरवाड आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव झाला, पण घराघरात तो पोचायला वेळ लागणार. माझ्या कपाळावर पुन्हा कुंकू दिसले तेव्हा ज्या बायकांनी आनंदाने ओटी भरली, त्यांतल्याच काहींनी शेजारी बसलेल्या विधवा बहिणीला कुंकू लावले नाही. यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी माझ्या ओळखीच्या सगळ्याच जणींना, ज्यांचे यजमान नाहीत त्यांनाही, नावाने बोलावले. कैरीची डाळ आणि पन्हे भरपूर केले होते. बऱ्याच आल्या. यांच्या थोरल्या विधवा बहीण विश्रामबागेत राहतात, त्या आल्या नाहीत. त्यांनी सुनेबरोबर डबा मात्र पाठवला आणि आंबाडाळीत हिंग कमी पडला असेल तर पुढच्या वर्षी मला आधी विचार, असा निरोपही दिला.