मागच्या भिंतीतली चार भोकं

थेटर बंद पडून तिथं मंगल कार्यालय झालं, गोडाऊन झालं, तरी इमारत पूर्वीची ओळख सांगतेच. आत शिरायचं, मागं वळायचं आणि भिंतीच्या अगदी वरच्या अंगाला बघायचं. हातभर चौकोनी भोकं दिसतात, बहुतेक चार. चुन्याचे कितीही हात मारले तरी कडा लपत नाहीत. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात अशा भिंती आता शोधायला लागत नाहीत.

चारच का? भिंतीमागच्या केबिनमध्ये पिक्चर दाखवायची मशिनं दोन, आणि दर मशिनला दोन भोकं. एकातून उजेड जायचा, दुसऱ्यातून ऑपरेटर पडद्याकडं बघायचा. पस्तीस एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे २,००० फुटांचं रीळ बावीसेक मिनिटांत संपतं. अडीच तासांच्या पिक्चरला सात-आठ रिळं. एक संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीकसा ठिपका चमकायचा. त्यावर दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की उजेड इकडून तिकडं. हे जमलं तर प्रेक्षकाला पत्ता नाही. हुकलं तर पडदा पांढराफट्ट, आणि मग स्टॉलमधून ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार.

उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा. कांड्या जळून आखडत जातात, त्यातही एक लवकर. मधलं अंतर हातानं सारखं राखलं नाही तर आधी चित्र पिवळं पडतं, नंतर ठिणगीच विझते. फिल्म मशिनच्या गेटमध्ये, म्हणजे उजेडासमोरच्या चौकटीत, अडकली तर हिरोईनच्या गालावरच तपकिरी फोड उठून पसरायचा. तेवढा तुकडा कापायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोड द्यायचा, पुढं चालू. गावोगाव फिरून आलेली प्रिंट त्यामुळं दोन-चार मिनिटांनी आखूडच असायची. गाण्याचं अर्धं कडवं कुठल्या गावात राहिलं, कोण सांगणार?

प्रिंट ज्या पेट्यांतून यायची त्यांच्या प्रवासाची गंमत वेगळीच. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. हिंदी सिनेमाच्या वितरकांनी मात्र आपला नकाशा तसाच ठेवला. त्यांच्या वहीत बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे सगळं ‘मुंबई टेरिटरी’त, आणि बंगळूर वेगळ्या खात्यात. कन्नड पिक्चरचा व्यवहार बंगळूरच्या गांधीनगरातून. एकाच थेटरात मॅटिनी एका नकाशातली आणि रात्रीचा खेळ दुसऱ्यातला, असंही चालायचं. सीमाप्रश्नाच्या एवढ्या फायली झाल्या, हा नकाशा कुणी पुराव्याला जोडल्याचं ऐकिवात नाही! पण सरकारी नियम तेवढे सीमेवरच थबकतात. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला खेळ द्यायची सक्ती महाराष्ट्रात आहे, इथं नाही. शुक्रवारी मराठी पिक्चर लागतो तो थेटरवाल्याच्या हिशेबावर, आणि सोमवारी उतरतो तोही त्याच हिशेबावर.

पेट्या गेल्या, आता ‘की’ येते. पिक्चर हार्डडिस्कवर किंवा छतावरच्या डिशमधून आधीच पोचतो, पण कुलूपबंद. किल्ली ठराविक सर्व्हरसाठी आणि ठराविक तारीख-वेळेपुरतीच चालते. सर्व्हर बिघडला म्हणून दुसरा आणून बसवला तर जुनी किल्ली त्याला लागत नाही, नवी मागवावी लागते. पब्लिक दारात, पिक्चर आत, आणि खेळ रद्द. दुसरं दुखणं धुळीचं. प्रोजेक्टरची जाळी वेळेवर झाडली नाही तर आतली उष्णता वाढते आणि ऐन क्लायमॅक्सला दिवा आपोआप बंद होतो. कार्बनची कांडी निदान हातानं सरकवता यायची.

बेळगावात कोनवाळ गल्लीतल्या रिट्झ थेटरचं लोकमान्य रंगमंदिर झालं, ते नशीबवान म्हणायचं. सगळ्यांना असं वळण मिळत नाही. सात-आठशे खुर्च्या आणि मंगळवारी माणसं चाळीस. दिवा, पंखे, डोअरकीपर तेवढेच लागतात. मग कुणीतरी सुचवतं, बाल्कनी आणि स्टॉलच्या मध्ये भिंत घाला, एकाचे दोन पडदे करा. कागदावर सोपं आहे. जुनी केबिन बाल्कनीच्या डोक्यावर असते, ती वरच्या पडद्याला चालून जाते. खाली स्टॉलसाठी नवी केबिन काढावी लागते आणि छत तर आधीच उतरलेलं. उजेडाचा झोत माणसांच्या डोक्यावरून जेमतेम हातभर उंचीनं जातो. झोत वरून खाली तिरका मारावा तर चित्राच्या उभ्या कडा तिरप्या होतात, वर अरुंद, खाली रुंद. सरळ मारावा तर इंटरव्हलच्या आधी भडंगाच्या पुडीसाठी उठलेल्या माणसाचं डोकं, कानांसकट, व्हिलनच्या छातीवर.